'सुधारित', 'राक्षसी' आणि 'चोर'

जनुक-अभियांत्रिकीवर मराठीत आलेले जे हाती लागले, ते मी सोनाळ्यात बसून वाचत आलो आहे. माझा पहिला आक्षेप एका शब्दावर आहे. इंग्रजीतल्या 'मॉडिफाइड'चा अर्थ बदललेले. आपल्या वृत्तपत्रांनी त्याचे 'जनुकीय सुधारित' केले. बदल बरा की वाईट हाच वाद असताना निकाल भाषांतरातच लागून गेला! विरोधकांचे 'राक्षसी बियाणे' तितकेच उतावळे.

१९९८मध्ये 'टर्मिनेटर' बियाण्याची भीती देशभर पसरली. ज्याच्या पिकाचे घरचे बी पुन्हा पेरले तर उगवणारच नाही, असे बियाणे शेतकऱ्याच्या माथी मारणार, ही ती भीती. तसे बियाणे बाजारात कधी आलेच नाही. म्हणून ती भीती अडाणी ठरवणारे लेख पुष्कळ निघाले. पण मार्च २००२मध्ये परवानगी मिळालेली बीटी कपाशी संकरित वाणांतूनच आली, आणि संकरिताचे घरचे बी पुढच्या वर्षी तसे पीक देत नाही. दरसाल दुकानाची पायरी चढावी लागलीच. भीतीचा पत्ता चुकला होता, मजकूर नव्हे.

नीतीचा खरा प्रश्न मला १२० ग्रॅमच्या पुडीत दिसतो. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत बिगर-बीटीची ती पुडी मिळे. कडेने ती पेरली, की तिच्यावर जगलेले बोंडअळीचे साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करत आणि अळीची प्रतिकारशक्ती लांबणीवर पडे. आमच्या शिवारात ती कुणी पेरली? माझी पुडी मीच कोठीत टाकून दिली होती. कारण कळले ते फार उशिरा, वाचनातून. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तेव्हा 'बीटी फसली' असे लिहिले गेले. पुडी का आहे हे शेतकऱ्याला त्याच्या बोलीत सांगणे कुणाचे काम होते, हा प्रश्न मला क्वचितच छापलेला दिसला.

या शब्दांच्या जोडीला आमच्याकडे आणखी एक आहे: 'चोर बीटी'. तणनाशक सोसणारे, परवानगी नसलेले बियाणे. जून २०१९मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. त्यावरच्या लेखांत तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य एका बाजूला, पर्यावरण दुसऱ्या. पण चोर बीटी घेणाऱ्याच्या हाती पावती नसते. उगवले नाही, तर तो तक्रार कुठे नेणार?