नेच्यांच्या प्रादेशिक सूचींची फेरतपासणी : मंगळवेढ्याच्या निमित्ताने

मंगळवेढा म्हटले म्हणजे दामाजीपंतांचे कोठार आणि काळ्या रानातील ज्वारी आठवते. नेचे आठवत नाहीत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या तालुक्यात नेचे व तत्संबंधित वनस्पती थोड्याच असणार, हे उघड आहे. तथापि प्रादेशिक सूचीची खरी परीक्षा महाबळेश्वरी किंवा आंबोलीस होत नसून अशाच प्रदेशात होते. जेथे जाती विपुल आहेत तेथे एखादे चुकीचे नाव खपून जाते. जेथे मोजक्याच संभवतात, तेथे ते सारे चित्र बिघडविते.

या विषयातील मुंबई इलाख्याचा आधारग्रंथ म्हणजे फादर ब्लॅटर व डी'आल्मेडा यांचा 1922 चा ‘मुंबईचे नेचे’ हा इंग्रजी ग्रंथ होय. कुक यांची 1901 ते 1908 या काळातील इलाख्याची वनश्री सपुष्प वनस्पतींपुरती होती. ती उणीव या ग्रंथाने भरून काढली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यातील ‘मुंबई’ हा प्रदेश प्रशासनाने आखलेला होता. त्या वेळी मंगळवेढा सांगली संस्थानात होते. तेरदाळ, शहापूर व शिरहट्टी हेही त्याच संस्थानाचे विखुरलेले भाग होते आणि ते आज कर्नाटकात आहेत. अशा स्थितीत एखाद्या जुन्या नमुन्याच्या चिठ्ठीवर केवळ ‘सांगली संस्थान’ एवढाच उल्लेख असेल, तर तो नमुना भीमेच्या खोऱ्यातला की धारवाडकडच्या पठारावरचा, हे ठरविता येत नाही. त्यास आजच्या सोलापूर जिल्ह्याच्या सूचीत घेणे म्हणजे राजकीय नकाशावरून वनस्पतींची वाटणी करणे होय.

दुसरा दोष नावांच्या नकलेतून उद्भवतो. हंसराजाच्या प्रजातीतील एकाच जातीस जुने ग्रंथ ‘ॲडिअँटम ल्युन्युलेटम’ म्हणतात, तर नंतरचे ग्रंथ ‘ॲडिअँटम फिलिपेन्से’. दोन ग्रंथांतून दोन नावे उचलली की एका वनस्पतीच्या दोन जाती होतात. मार्सिलियाचे उदाहरण याहून बोलके आहे. चार पर्णिकांची पाणवनस्पती दिसली की ‘मार्सिलिया क्वाड्रिफोलिया’ असे लिहिण्याचा प्रघात भारतीय सूचींत दीर्घकाळ चालला. वस्तुतः ती जाती भारतात काश्मीरपुरती मर्यादित असून मैदानी प्रदेशात सामान्यतः आढळते ती ‘मार्सिलिया मिन्यूटा’. पर्णिकांची संख्या प्रजातीचे लक्षण आहे, जातीचे नव्हे. निर्णयासाठी बीजुकफळे व त्यांच्या देठांची जोडणी पाहावी लागते. बीजुकफळे नसलेल्या नमुन्यावरून जातीचा निर्वाळा देणे धाडसाचे ठरते.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने नेचे व लायकोफायटा मिळून 11,916 जाती, 337 प्रजाती व 51 कुले मानली. एक्विसेटम आता नेच्यांतच गणले जाते. सिलॅजिनेला व आयसोएटिस यांची शाखा मात्र निराळी असून नेच्यांचे निकटचे नाते सबीज वनस्पतींशी आहे. ही मांडणी स्वीकारणे योग्यच आहे. परंतु कुलांची नावे व क्रम बदलून तीस ‘सुधारित सूची’ म्हणणे योग्य नव्हे. घरातील सामानाची जागा बदलली म्हणजे घर झाडले असे होत नाही. फ्रेझर-जेन्किन्स यांच्या 2008 च्या ग्रंथाचे महत्त्व येथेच आहे; उपखंडातील तीनशे जातींची तपासणी करताना त्यांनी प्रचलित नावांनाच प्रश्न विचारले.

तिसरा प्रश्न ऋतूचा. ऑफिओग्लॉसम व आयसोएटिस पावसाळ्यात प्रकटतात आणि जमीन सुकताच दिसेनाशा होतात. मोरशिखेसारखा काटक नेचा कोरड्या दिवसांत पाने मिटून खडकाच्या फटीत पडून राहतो. सोलापूर जिल्ह्यात पावसाचा जोर सामान्यतः सप्टेंबरात असतो. म्हणून कोकणाच्या वेळापत्रकानुसार जुलैत केलेली सहल येथे रिकाम्या हाताने परतू शकते. ‘आढळत नाही’ हा निष्कर्ष कोणत्या महिन्यात व कोणत्या अधिवासात शोध घेतला, हे सांगितल्यावाचून निरर्थक आहे. उलटपक्षी, एखाद्या जातीस मंगळवेढ्याची भूमी मानवेल म्हणून ती तेथे आहेच असेही मानता येत नाही. संभव आणि नोंद यांची गल्लत हाच अशा सूचींचा मूळ रोग आहे.

यावरून फेरतपासणीची कसोटी निश्चित होते. प्रत्येक नावामागे वनस्पतिसंग्रहात पाहता येईल असा नमुना, त्याचे गाव, अधिवास व दिनांक असावा. चाऱ्यासाठी खड्ड्यांत वाढविलेला अझोला किंवा कुंडीतील नेफ्रोलेपिस रानटी जातींत मोजू नये. नमुना नसलेले नाव पुसून न टाकता ‘अप्रमाणित’ या सदरात ठेवावे, म्हणजे पुढील अभ्यासकास शोधाची दिशा मिळेल. हे कार्य लांबणीवर टाकण्याजोगे नाही. दगडी विहिरींच्या ओल्या फटी हे कोरड्या मुलखातील हंसराजाचे आश्रयस्थान होय. विहीर बुजली किंवा सिमेंटने लिंपली की तो आश्रय नाहीसा होतो. मूळ नोंदच संशयास्पद असेल, तर तेथे काही नष्ट झाले की नाही, हेही कोणास सांगता येणार नाही. मंगळवेढ्यासाठी नमुन्यांसह सिद्ध केलेली चार नावांची सूची ही ग्रंथांतून जुळविलेल्या चाळीस नावांहून अधिक मोलाची ठरेल.