मुंबईच्या वास्तू आणि त्यांचे उंबरठे

नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत घरी पाहुणे आले, की त्यांना मुंबई दाखविण्याची रीत आमच्या वसईकडे फार जुनी आहे. सकाळच्या गाडीने चर्चगेट गाठावे, गेटवे पाहावा, बोरीबंदरचे स्थानक बाहेरून न्याहाळावे, राणीच्या बागेत मुलांना हिंडवावे आणि परतताना बांद्र्यास उतरून मोत माउलीच्या चरणी मेणबत्ती लावावी, असा तो क्रम. ही यादी आमच्या वाडवडिलांनी आम्हांस दिली आणि आम्ही ती मुलांच्या हाती देत आहोत. परंतु या वास्तूंपैकी थोर कोणती, आणि ती थोर का, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. उंची, वय आणि बांधणाऱ्याचे नाव एवढे सांगितले, की आपले वर्णन संपते.

वास्तूची समीक्षा करावयाची तर एखादा निकष हाती हवा. आम्ही येथे उंबरठ्याचा निकष लावून पाहणार आहोत. ही वास्तू कोणासाठी उघडते, कोणाला बाहेर ठेवते आणि आत आलेल्यास काय देते, हे त्यात पाहावयाचे. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूने स्वतःला मेंढरांचे दार म्हटले आहे, आणि जयंतीवर्षात रोमच्या महामंदिराचे पवित्र द्वार उघडण्याची आपल्या ख्रिस्तसभेची परंपरा आहे. तेव्हा हा निकष कॅथलिक वाचकांस परका वाटू नये.

आरंभ गेटवेपासूनच करू. कारण ती वास्तू म्हणजे केवळ एक दारच आहे. राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी १९११च्या डिसेंबरात मुंबईस उतरले, त्या घटनेचे हे स्मारक. प्रत्यक्षात राजेसाहेब उतरले तेव्हा ही कमान उभीच नव्हती. त्यांचे स्वागत तात्पुरत्या मंडपात झाले. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४मध्ये संमत झाला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी कमानीचे उद्घाटन केले. पिवळसर बेसाल्टची ही ८५ फूट उंच कमान गुजरातच्या जुन्या वास्तुशैलीतून कितीतरी घेते; तिच्या जाळ्यांवर सायंकाळचे ऊन पडते तेव्हा तिचे सौंदर्य कोणीही नाकारणार नाही.

तरीही या दारातून जावे कोठे? कमानीसमोर शहराकडे नेणारा सरळ भव्य रस्ता आखण्याचा विचार होता, पण पैशांअभावी तो झालाच नाही. त्यामुळे आजही कमान आणि तिच्याकडे येणारा रस्ता एका रेषेत नाहीत. एका राजाच्या पावलासाठी बांधलेल्या या दारातून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश पलटणीची अखेरची तुकडी निघून गेली, आणि इतिहासाने त्याचा तेवढाच मोठा उपयोग करून घेतला. पुढचे काम लोकांनी केले. घारापुरीस जाणाऱ्या लाँचेस, फोटो काढणारे, कबुतरे आणि गावाहून आलेली कुटुंबे यांनी त्या रिकाम्या दारात जीव आणला. आमच्या मते गेटवेची थोरवी विटेट यांच्या आराखड्याइतकीच या गर्दीचीही आहे.

आता बोरीबंदर. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रेखाटलेल्या या स्थानकाचे काम १८७८मध्ये सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. १८८७ साली त्यास राणी व्हिक्टोरियाचे नाव मिळाले, १९९६मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे, आणि २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली. घुमटावर प्रगतीची मूर्ती, फाटकाच्या खांबांवर इंग्लंडचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ. हे सारे साम्राज्याचे वैभव सांगण्यासाठी घडविले गेले. मात्र भिंतींवरची पाने, पक्षी, माकडे आणि माणसांचे चेहरे यांत मुंबईच्या कला विद्यालयातील विद्यार्थ्यांचा हात आहे. त्या हातांची नावे दगडावर नाहीत. तरी साम्राज्याच्या गर्जनेपेक्षा त्या लहानशा खारी-पोपटांतला जिव्हाळा आम्हांस अधिक काळ टिकणारा वाटतो.

उंबरठ्याच्या निकषावर या वास्तूत एक विसंगती आढळते. घुमटाखालचा भव्य जिना हा कचेरीचा जिना होय. प्रवाशांचे लोंढे बाजूने जातात. म्हणजे दर्शनी दार साहेबांचे आणि बाजूचे दार रयतेचे, अशीच मूळ मांडणी. परंतु तिकिटे मिळतात ते उत्तरेकडचे दालन पाहावे. संगमरवर, निळसर दगड, वर कमानींचे छत. एखाद्या महामंदिराच्या गाभाऱ्यास शोभावे असे ते दालन, आणि त्यात रांगेत उभा असतो डबा घेतलेला कामगार, परळची परिचारिका, सुटे पैसे मोजणारी आजी. नगरातील अत्यंत देखणी जागा सामान्य माणसाच्या रांगेस मिळावी, हे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्यास येते. उघड्या दाराची किंमतही या स्थानकाने मोजली आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मारेकरी त्याच दारांतून आत आले. तरी दुसऱ्या दिवशी गाड्या सुटल्या आणि दारे उघडी राहिली.

चर्चगेटला उतरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असते, की तेथे कोणे एके काळी खरोखर दार होते? मुंबईच्या किल्ल्यास तीन दरवाजे होते. त्यांतला सेंट थॉमस या इंग्रजांच्या चर्चकडे नेणारा तो चर्चगेट. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले, दरवाजा गेला, आणि त्याच्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले. नाव मात्र आमच्या मासिक पासावर उरले.

येथून उत्तरेस काही पावलांवर क्रॉस मैदान आहे. आमच्या सहलीच्या यादीत हे मैदान नसते, आणि हीच त्या यादीची मोठी उणीव होय. या भागात एकेकाळी आशेच्या मातेचे, म्हणजे नोसा सेन्योरा दा एस्पेरान्सा या नावाचे, आपले देऊळ होते. किल्ल्याच्या तोफांना समोरचे रान मोकळे हवे म्हणून १७६०च्या सुमारास इंग्रजांनी ते पाडले आणि भाविकांना भुलेश्वरच्या परिसरात नवे देऊळ बांधावे लागले. मागे राहिला तो दगडी क्रूस. ज्या तटाच्या रक्षणासाठी देऊळ गेले, तो तटही शंभर वर्षांत नाहीसा झाला. क्रूस अजून उभा आहे, आणि मैदानास त्याचेच नाव आहे. त्यास भिंत नाही, छप्पर नाही, दारही नाही. कचेरीस जाता-येता निरनिराळ्या धर्मांची माणसे तेथे क्षणभर थांबतात, फूल वाहतात आणि पुढे जातात. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने हा क्रूस काहीच नव्हे. तथापि आमच्या निकषावर त्याचे स्थान गेटवेच्या वरचे आहे.

परळची एक वास्तूही याच कारणासाठी पाहण्याजोगी आहे. पोर्तुगीज काळात तेथे मठ आणि प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ती जागा येशूसंघीयांकडून काढून घेतली. पुढे ती गव्हर्नरांचे निवासस्थान झाली आणि जुन्या मंदिराच्या भिंतींमध्ये मेजवान्या व नाच होऊ लागले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी त्यावरील लस तयार करून १८९७च्या जानेवारीत प्रथम स्वतःच्या अंगी टोचून घेतली, आणि १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा या परळच्या वाड्यात आली. १९२५पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

आपल्या हातून मठ गेला याची खंत आमच्या मनात आहे, ती लपविण्याचे कारण नाही. परंतु प्रामाणिकपणे विचारावयाचे, तर त्या भिंतींचा धर्म केव्हा अधिक पाळला गेला? राजवाड्याच्या काळात तो निश्चितच लोपला होता. प्लेगने घरेच्या घरे ओस पडत असताना त्या वास्तूतून लस बाहेर पडू लागली, तेव्हा रुग्णसेवेच्या रूपाने तो परतला, असे आम्ही म्हणू. आपल्या गावठाणांतून प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही दिसतात. त्या क्रुसांपुढे गुडघे टेकणारे आपले पूर्वज आणि परळच्या प्रयोगशाळेत राबणारा तो ज्यू शास्त्रज्ञ एकाच संकटाशी झुंजत होते, हे मुलांस सांगितले पाहिजे.

आता आपल्या देवळांकडे वळू. मोत माउलीची मूर्ती पोर्तुगालहून आली. तिचा हात तोडला गेला आणि पुढे मूर्ती कोळ्यांस सापडली, असे परंपरा सांगते. ती काही काळ माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये होती आणि १७६१मध्ये बांद्र्यास परतली. सध्याचे देऊळ १९०४चे असून त्याचा आराखडा एका पारशी वास्तुविशारदाचा आहे. टेकडीच्या वाटेवर हात, पाय, घर अशा आकारांच्या मेणबत्त्या विकत घेणाऱ्यांचा धर्म कोणी विचारत नाही. भंगलेली मूर्ती, तिला जपणारे कोळी, देऊळ रेखाटणारा पारशी आणि नवस फेडणारी हिंदू माता हे सारे ज्या उंबरठ्यावर एकत्र येतात, तो उंबरठा केवळ आपला नव्हे.

माहीमचे सेंट मायकल चर्च हे मुंबईतील अतिप्राचीन चर्चांपैकी एक. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी ते स्थापिले. आजची इमारत मात्र १९७३ची आहे आणि तीत प्राचीनतेचा मागमूस नाही. शिल्पाच्या दृष्टीने ती साधी आहे, हे मान्य करावयास हवे. तरीही १९४८पासून दर बुधवारी तेथे होणाऱ्या नोव्हेनास सर्व धर्मांची माणसे येतात, आणि दिवसभर दार मिटत नाही. दादरला याच्या उलट अनुभव येतो. १५९६ची स्थापना असलेले तेथील तारणमातेचे देऊळ बसवाहकाच्या तोंडीही ‘पोर्तुगीज चर्च’च आहे, पण १९७४ ते १९७७ या काळात चार्ल्स कोरिया यांनी त्यास सर्वस्वी नवे रूप दिले. एकमेकांत गुंतलेली दालने, मध्ये आकाशाखालची अंगणे, वर काँक्रीटची कवचे. त्यांतून गरम हवा वर निघून जाते. जुन्या पिढीस ते देऊळ वाटेना, हे आम्ही ऐकून आहोत. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वेदीभोवती प्रजेस एकत्र बोलाविले, त्या विचारास घराच्या अंगणाची आपली भाषा देण्याचा प्रयत्न कोरियांनी केला. दालनातून अंगणात आणि अंगणातून दालनात येताना उंबरठा ओलांडल्याचे भानही राहत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल, की दार उघडे असले म्हणजे झाले, तर मग सौंदर्य आणि प्राचीनता यांना मोलच नाही काय? आक्षेप रास्त आहे. बोरीबंदरच्या तिकीटघराचे छत सुंदर नसते, तर तेथील रांगेस आम्ही भाग्यवान म्हटले नसते. सौंदर्य हेही आदरातिथ्यच होय. पाहुण्यासाठी आपण अंगण सारवतो, तसे. आणि जुना दगड म्हणजे आपल्या आधी येथे गुडघे टेकलेल्यांना दिलेली जागा. ती पुसली, की मेलेल्यांना आपण उंबरठ्याबाहेर काढतो.

हे सारे लिहिण्याचे कारण शेवटी आपल्या घराजवळचे आहे. अनेक धर्मग्रामांतून आज जुनी देवळे अपुरी पडतात आणि ती पाडून नवी, मोठी बांधावी की काय, यावर बैठका होतात. त्या बैठकांत खर्च, खुर्च्यांची संख्या आणि वाहनतळ यांची चर्चा होते. ती आवश्यकच आहे. परंतु जुन्या वेदीचे आणि प्रांगणातील क्रुसाचे काय होणार, हे कोण विचारते? आठवड्याच्या दिवशी दुपारी एखादी थकलेली स्त्री, मग ती कोणत्याही धर्माची असो, आत येऊन क्षणभर बसू शकेल, की ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवरून लोखंडी जाळीस लावलेले कुलूप पाहून परत फिरेल? वृद्धांस चढता येईल एवढा तो उंबरठा खाली असेल काय? देणगीदारांच्या नावांच्या पाटीइतकीच जागा राबणाऱ्या गवंड्यांच्या आठवणीस मिळेल काय?

पुढच्या सुटीत पाहुणे आले, की आम्ही त्यांना गेटवे जरूर दाखवू. मात्र परतीची गाडी धरण्यापूर्वी क्रॉस मैदानावर थांबू आणि ज्या देवळाचे दारही उरले नाही, त्याच्या क्रुसापुढे मुलांना हात जोडावयास सांगू. नंतर आपापल्या धर्मग्रामात परतल्यावर आपल्या देवळाचे दार त्या वेळी उघडे आहे की नाही, तेवढे प्रत्येकाने पाहून घ्यावे.