स्टोव्हवर चढलेले प्राणी

नायगावला विरार लोकल येते तेव्हा ती विरार, नालासोपारा आणि वसईच्या माणसांनी भरलेली असते. चढायचं म्हणजे आधी खांदा घुसवायचा, मग स्वतः. अशाच एका सकाळी, एका हाताने हँडल धरून, मी फोनवर जितीश कल्लाट यांचं 'अ‍ॅनेक्सेशन' पहिल्यांदा पाहिलं.

२००९ सालचं हे शिल्प म्हणजे माणसाच्या उंचीएवढा रॉकेलचा स्टोव्ह. काळा, चकाकणारा. लांबून वाटतं, अंगभर नक्षी आहे. फोटो झूम केला की कळतं, ते प्राणी आहेत. शंभराहून जास्त, एकमेकांवर चढलेले, खाण्यासाठी झगडणारे. ते आलेत सीएसएमटीच्या पोर्चवरून. त्या इमारतीच्या दगडातलं कोरीवकाम एकोणिसाव्या शतकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. कल्लाटही जे. जे.चेच.

पुढच्या रविवारी मी दादरला गाडी बदलून मुद्दाम तिथे गेलो. या स्टेशनात कितीदा उतरलो असेन, पण मान वर करून पाहिलं पहिल्यांदाच. पानाफुलांत पक्षी, माकडं, काय काय. आणि खाली आम्ही, धावणारे. कल्लाट यांनी वरचे प्राणी खाली आणून स्टोव्हवर बसवले, तेव्हा खालच्या गर्दीचंच चित्र काढलं होतं. स्टेशनातली धावपळ शेवटी कशासाठी? घरातली चूल पेटती राहावी म्हणून. हे एवढं थेट सांगणारं शिल्प मी दुसरं पाहिलेलं नाही.

तरी एक तक्रार आहे. माणूस हा वानरकुळातला प्राणी, हे मान्यच. पण वानरं फक्त हिसकावत नाहीत. तुंगारेश्वरला जाऊन पाहा. माकड तुमच्या हातातली पिशवी ओढून नेतं आणि पाच मिनिटांनी शांत बसून दुसऱ्याच्या अंगावरच्या उवा वेचतं. आमच्या डब्यातही तेच. दारात ज्याने शिवी दिली, तोच पुढे बॅग मांडीवर घेतो. तीन जणांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा मिळते. कोणी 'कुठे उतरणार?' विचारून सीट सांगून ठेवतो. 'अ‍ॅनेक्सेशन' म्हणजे जबरदस्तीने बळकावणं. शिल्पात त्याचे दात दिसतात, हे सरकून बसणं दिसत नाही. गर्दीला जनावर म्हणणं सोपं असतं, विशेषतः तिच्याकडे बाहेरून पाहताना.

मग आमच्या घरातला स्टोव्ह आठवला. रॉकेल रेशनवर मिळायचं आणि महिनाअखेरीला संपायचं. आई मला बाटली देऊन शेजारी पाठवायची. पुढच्या महिन्यात त्यांची बाटली आमच्याकडे यायची. म्हणजे मला हवी असलेली गोष्ट कल्लाट यांनी निवडलेल्या वस्तूत आधीच होती. स्टोव्हभोवती भूक असते, तशी उसनवारीही असते. त्यांनी कोरली फक्त भूक.

म्हणून माझी तक्रार कायम आहे, आणि शिल्पही डोक्यातून जात नाही. मी ते अजून फक्त सहा इंची स्क्रीनवर पाहिलंय. प्रत्यक्ष समोर उभं राहिल्यावर, आपल्याच उंचीच्या त्या स्टोव्हपुढे, कदाचित मी एवढा वाद घालणार नाही. तोवर सीएसएमटीला उतरलात, तर दोन मिनिटं कडेला थांबून वर बघा. मागचे धक्का देतील, द्या त्यांना जागा.