अंगठी आणि कोटंबा

माणसाचा कुत्रा होतो, या कल्पनेवर अमेरिकेत जे कौटुंबिक विनोदी चित्रपट निघाले, त्यांच्याविषयी कोणी गंभीरपणे लिहावे असे मला स्वतःलाही या उन्हाळ्यापर्यंत वाटत नव्हते. हे चित्रपट मुलांसाठी असतात. मुले ते पाहून हसतात, आणि मुले हसली म्हणून मोठी माणसे हसतात. अशा ठिकाणी टीकाकाराने आपली काठी आपटीत शिरू नये, हा शिष्टाचार मीही पाळीत आलो होतो. तो आज मोडीत आहे, आणि त्याला कारण माझे मामा आहेत.

मामा पवनानगरला राहतात. पवना धरणाच्या काठची ही वस्ती. जुनी माणसे तिला अजून काले कॉलनीच म्हणतात. कामशेतला उतरून बेडशाच्या लेण्यांच्या बाजूने घाट ओलांडला, की एकाएकी पाणी समोर येते, आणि त्या पाण्याभोवती तुंग, तिकोना, लोहगड हे किल्ले उभे दिसतात. देखावा सुंदर आहे. परंतु माझे आजोळ त्या पाण्याखाली आहे, त्यामुळे मला तो नुसता देखावा म्हणून कधी पाहता आलेला नाही. धरण झाले तेव्हा मामांना मिसरूडही फुटले नव्हते. ते पाणी आज पिंपरी-चिंचवडची तहान भागवते, आणि मामा काठावरच्या एका बंगल्याची राखण करतात. बंगल्याचे मालक शनिवारी येतात, रविवारी जातात. त्यांचा कुत्रा मात्र बारा महिने तिथेच असतो. डोळ्यांवर झिपऱ्या आलेला, गाईच्या वासराएवढा, अतिशय गरीब स्वभावाचा प्राणी आहे. त्याला जेवू घालणे, विंचरणे, फिरवणे हे सारे मामांकडे.

मे महिन्यात मी तिकडे गेलो असता मामांच्या नातवाने एक बेत काढला. तो तळ्याकाठच्या तंबूवाल्यांकडे कामाला आहे. पाहुण्यांना रात्री सिनेमा दाखवण्याचे त्यांचे यंत्र त्याने दोन रात्रींपुरते मागून आणले, अंगणातल्या भिंतीवर पांढरे धोतर ताणले आणि मला म्हणाला, “काका, पोरं हसतील असं काहीतरी लावा.” बंगल्यातल्या झिपऱ्याला पाहूनच मला आठवण झाली असावी. मी पहिल्या रात्री १९५९ सालचा ‘द शॅगी डॉग’ लावला आणि दुसऱ्या रात्री त्याच नावाचा २००६ सालचा नवा अवतार. भाषा इंग्रजी, तेव्हा पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे आले. एखादा चित्रपट खरोखर कसा आहे हे समजून घ्यायचे असेल, तर तो मावळातल्या पंधरावीस मुलांना मोठ्याने सांगून पाहावा. जिथे आपली जीभ अडखळते तिथे बहुधा पटकथाच अडखळलेली असते.

पहिला चित्रपट डिस्ने कंपनीचा. हाडामांसाच्या नटांना घेऊन तिने काढलेला हा पहिलाच विनोदी चित्रपट. दिग्दर्शन चार्ल्स बार्टनचे. गोष्ट अशी : विल्बी नावाच्या मुलाला वस्तुसंग्रहालयातून आलेली एक जुनी अंगठी सापडते. तिच्यावर लॅटिन मंत्र कोरलेला आहे. तो मंत्र म्हणताच मुलगा शेजारच्या घरातल्या केसाळ कुत्र्याच्या रूपात जातो, आणि मग मनात नसताना वेळी-अवेळी पुन्हा पुन्हा जाऊ लागतो. गंमत ही, की त्याचे वडील टपाल वाटण्यात जन्म घालवून निवृत्त झालेले आहेत, आणि म्हणून त्यांना कुत्र्यांचा मनस्वी तिटकारा आहे. कुत्र्याच्या केसांनी त्यांना शिंकाही येतात. पोस्टमनच्या घरी मुलगाच कुत्रा होऊन यावा, यापरता सरळ विनोद कोणता? फ्रेड मॅकमरे या नटाने हा बाप फार संयमाने उभा केला आहे. तो विनोद करीत नाही. तो केवळ आपले घर सांभाळू पाहतो, आणि विनोद त्याच्यावर येऊन आदळतो.

मुलांना सर्वांत आवडले ते कुत्र्याने अंगात झोपेचे कपडे घालून दात घासणे, आणि पुढे त्याने मोटार हाकणे. या प्रसंगांना अंगण अक्षरशः लोळले. मला मात्र शेवट महत्त्वाचा वाटतो. शेजारी राहणारे हेर असतात. कुत्र्याच्या रूपातला मुलगाच त्यांचे कारस्थान ऐकतो, आणि बुडणाऱ्या मुलीला पाण्यातून ओढून काढतो. परंतु सत्य कोणाला सांगणार? तेव्हा शहर वाहवा करते ती बापाची आणि शेजारच्या खऱ्याखुऱ्या कुत्र्याची. बापाला आता कुत्रे आवडू लागतात, कारण कुत्र्यामुळे त्याला मान मिळाला आहे. ज्याने खरे काम केले तो गप्प राहतो. हलक्याफुलक्या चित्रपटाच्या तळाशी हा एक कडू दाणा राहून गेला आहे. दिग्दर्शक त्यावर बोट ठेवीत नाही. परंतु तो दाणा आहे म्हणूनच हा चित्रपट इतक्या वर्षांनंतरही चवीने पाहता येतो.

मामा हे सारे अंगणाच्या कडेला उभे राहून पाहत होते. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात त्या झिपऱ्याची साखळी. खेळ संपल्यावर त्यांनी मला विचारले, “त्या पोराला अंगठी लागली व्हय रे कुत्रं व्हायला?”

“हो मामा, जादूची अंगठी.”

“आमच्या आबांना नुसता अंगठाच पुरला,” असे म्हणून ते स्वतःशीच हसले आणि कुत्र्याला घेऊन बंगल्याकडे निघून गेले.

जमिनीच्या कागदांवर आजोबांनी उठवलेला तो अंगठा मी पाहिलेला नाही. परंतु त्या एका वाक्याने माझी झोप उडवली, आणि मला या गोष्टीचे मूळ आठवले.

हे मूळ फेलिक्स साल्टन या व्हिएन्नाच्या लेखकाकडे जाते. ज्या ‘बांबी’ने त्याचे नाव जगभर पोहोचवले, ती कादंबरी पुस्तकरूपाने १९२३ साली निघाली. ‘फ्लोरेन्सचा कुत्रा’ ही त्याची दुसरी कादंबरीही त्याच वर्षीची. चित्रपटाने अंगठी घेतली ती हिच्यातून. परंतु साल्टनचा नायक खाऊनपिऊन सुखी घरातला मुलगा नाही. तो एक कंगाल तरुण आहे. त्याला इटलीला जायचे आहे, कला शिकायची आहे, आणि खिशात दमडी नाही. इटलीला निघालेल्या एका राजपुत्राच्या लवाजम्याकडे पाहून त्याच्या मनात येते, की याचा कुत्रा झालो तरी चालेल, पण तिथे पोहोचू. आणि इच्छा खरी होते : एक दिवस माणूस, एक दिवस कुत्रा. कुत्रा असेल त्या दिवशी राजपुत्राच्या पायाशी जागा मिळते. माणूस असेल त्या दिवशी त्याला कोणी ओळखत नाही. गरिबाला मोठ्यांच्या दारात प्रवेश कोणत्या रूपाने मिळतो, हा त्या गोष्टीचा प्रश्न आहे. ज्या लेखकाच्या ‘बांबी’वर पुढे नाझींनी बंदी घातली, आणि ज्याला म्हातारपणी देश सोडून स्वित्झर्लंडमध्ये मरावे लागले, त्याला हा प्रश्न सुचावा यात नवल नाही.

हॉलिवुडने गोष्टीतली अंगठी उचलली आणि गरिबी मागे ठेवली. तिथे माणूस कुत्रा होतो तो आपल्याच घरात. ज्या दारात त्याला बसावे लागते ते दार त्याचे, ज्या थाळीतले तो खातो ती थाळी त्याच्याच आईने किंवा बायकोने पुढे केलेली. अशा कुत्रेपणाला किंमत मोजावी लागत नाही, आणि किंमत नाही म्हणून भीतीही नाही. १९७६ सालच्या ‘द शॅगी डी. ए.’मध्ये हाच विल्बी मोठा होऊन वकील झाला आहे आणि सरकारी वकिलाच्या पदासाठी निवडणूक लढवीत आहे. चित्रपट एकंदरीत धावपळीचा आणि सामान्य आहे. तथापि त्यात एकदा हा उमेदवार कुत्र्याच्या रूपात बेवारशी कुत्र्यांच्या कोंडवाड्यात सापडतो, आणि तिथली कुत्री त्याच्याशी बोलू लागतात. ज्यांना घर नाही अशांच्या रांगेत तो प्रथमच उभा असतो. त्या कोंडवाड्यात मला क्षणभर साल्टनचा श्वास ऐकू आला. लगेच पुन्हा पाठलाग सुरू होतो आणि तो ऐकू येईनासा होतो.

२००६ सालच्या चित्रपटात टिम अ‍ॅलनने काम केले आहे. येथेही नायक सरकारी वकील आहे. घराकडे त्याचे लक्ष नाही. अंगठीच्या जागी आता औषध कंपनीची प्रयोगशाळा आणि तिबेटातून पळवून आणलेला तीनशे वर्षांचा कुत्रा आहे. कुत्रा झाल्यावर बापाला घरात बसून आपल्या मुलांचे बोलणे प्रथमच नीट ऐकू येते, ही कल्पना चांगली, किंबहुना हृद्य आहे. परंतु या चित्रपटाचा विनोद उलट्या दिशेने चालतो. जुन्या चित्रपटात कुत्रा माणसाची कामे करतो. येथे माणूस कुत्र्याची करतो. भर न्यायालयात गुरगुरतो, न्याहारीच्या वाडग्यात तोंड घालतो. पहिल्या प्रकारात प्राणी वर चढतो म्हणून आपण हसतो, दुसऱ्यात माणूस खाली उतरतो म्हणून. मुले दोन्हीला हसली. पण दुसऱ्या हसण्यात किंचित चिडवणे मिसळलेले होते, असे मला वाटले. मुलांनी लगेच आपल्यातल्या एकाला भुंकायला लावले; तो कोणाच्या घरचा, हे सांगण्याची गरज नाही. ज्याच्यावर हुकूम चालतो, त्याच्याच घरचा होता.

वाडग्यात तोंड घालणारा तो बाप पडद्यावर आला, तेव्हा मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी हात जोडले. हळूच म्हणाले, “वाघ्या झाला की रं ह्यो. येळकोट येळकोट!”

मी गोष्ट सांगायची थांबलो. जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेले वाघे देवाचे कुत्रे म्हणवून घेत. विधीच्या वेळी कोटंब्यात वाढलेले अन्न कुत्र्यासारखे तोंडाने खात, भुंकत. हे मी पुस्तकांतून वाचले होते. मामांनी ते आपल्या लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. माणसाने कुत्रे होणे ही आपल्याकडे नुसती शिवी नाही, ती एक भक्तीही आहे. धर्मराजामागून स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा मुळात साक्षात धर्मच होता, असे महाभारतही सांगते. वाघ्या कुत्रा होतो तो आपण होऊन, आणि देवाच्या दारात. त्या दारात तो कुत्रा असल्यामुळे दुसऱ्या कोणत्याही दारात त्याला शेपूट हलवावे लागू नये, असा त्या व्रताचा अर्थ मी तरी लावतो.

मग आपल्या विनोदी चित्रपटांचे काय? मराठी पडद्यावरही रूपांतरे झाली आहेत. ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरला. परंतु साल्टनच्या जवळ जाते ती ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). तिथे दोन तरुण बायका होतात ते जादूने नव्हे. पुण्यात डोक्यावर छप्पर हवे आहे आणि मालकीणबाईंना जोडपीच हवी आहेत, म्हणून लुगडे नेसतात. गरजेने रूप बदलते. म्हणूनच तो विनोद आपल्याला घरचा वाटतो. छप्पर गेले तर काय, ही धास्ती प्रत्येक हशाच्या मागे उभी असते.

मला असे म्हणायचे नाही, की मुलांच्या चित्रपटाने धरणग्रस्तांचे प्रश्न मांडावेत. त्याने मुलांना हसवावे. ते काम लहान नाही. म्हणणे एवढेच आहे, की माणसाचा कुत्रा होतो ही गोष्ट मुळात कोणाच्या अन्नावर आणि कोणाच्या दारात, या प्रश्नाची गोष्ट आहे. तो प्रश्न काढून टाकला की उरते ती केसांची किमया. १९५९च्या चित्रपटात तो थोडा उरला आहे, म्हणून तो तिघांत उजवा. २००६च्या चित्रपटाने त्या जागी कुटुंबवात्सल्य भरले. ते गोड आहे, परंतु त्याने पोट भरत नाही. आणि आपल्या भाषेत तर हा प्रश्न काढूनही निघत नाही. ‘इमानी’ हे विशेषण आपण दोघांना फार सढळ हाताने देतो, कुत्र्याला आणि गड्याला. बंगल्याचे मालक मामांची ओळख करून देताना हाच शब्द वापरतात. प्रेमाने वापरतात, यात मला शंका नाही. त्याच बैठकीत तो शब्द झिपऱ्यालाही मिळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी मामांना भेटायला बंगल्यावर गेलो. ते कुत्र्याला विंचरीत होते. डोळ्यांवरच्या झिपऱ्या बाजूला करून त्यांनी मला त्याचे डोळे दाखवले. फार शांत, पिंगट डोळे होते.

“ह्याला काय सिनेमा कळला न्हाई,” मामा म्हणाले, “पण तू परत आलास की ह्याला माणूस करणारा एखादा घेऊन ये. कुत्र्याचा माणूस. तसला असतो का?”

असतो, असे मी सांगितले. १९५१ साली हॉलिवुडने तसाही एक काढला आहे : ‘यू नेव्हर कॅन टेल’. त्यात कुत्रा मरतो आणि माणसाच्या रूपाने परत येतो, आपल्याला विष कोणी घातले ते शोधायला.

मामांनी विंचरणे थांबवले. “मंग तोच आण,” ते म्हणाले.