‘अस्तु’ : विसरण्यामागचे विज्ञान

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटात अल्झायमर झालेला संस्कृत पंडित डॉ. मोहन आगाशे यांनी, म्हणजे एका मनोविकारतज्ज्ञानेच, रंगवला आहे. या पंडिताला आजचे आठवत नाही. संस्कृत वचने मात्र ओठांवर येतात. असे का? नव्या आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस हा भाग या रोगात आधी झिजतो, असिटिलकोलीन हे रसायन कमी पडते. जुने पाठांतर मेंदूच्या बाह्यकात पसरलेले असल्याने जास्त टिकते.

महावताच्या बायकोची माया हृद्य आहे. पण मायेने भीती शमते, मेलेल्या पेशी परतत नाहीत. औषधेही लक्षणे काही काळच सौम्य करतात. हा फरक चित्रपट प्रेक्षकावर सोडतो. वर्गात तो शिक्षकांनी सांगावा. मग घरच्या आजोबांना ‘हट्टी’ म्हणण्यापूर्वी विद्यार्थी थबकेल.