राज्यात आणि राज्याला : शासकीय विज्ञानखर्चाविषयीच्या एका युक्तिवादाचे परीक्षण

शासनाने विज्ञानसंशोधनावर केलेला खर्च ज्या राज्यात होतो, त्या राज्याच्या विद्यापीठांना व अर्थव्यवस्थेला तो लाभदायक ठरतो, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. विधान खोटे नव्हे. परंतु त्याच्या रचनेकडे लक्ष दिल्यास त्यात विभक्तीचा एक पालट दडलेला आढळतो. खर्च ‘राज्यात’ होतो, ही सप्तमी. लाभ ‘राज्याला’ होतो, ही चतुर्थी. अधिकरणापासून संप्रदानापर्यंतचा हा प्रवास आपोआप घडतो असे गृहीत धरण्यात येते. महाराष्ट्राचा गेल्या पाऊणशे वर्षांचा अनुभव या गृहीताची परीक्षा घेण्यास पुरेसा आहे.

स्वतंत्र भारताच्या विज्ञानविषयक धोरणाचा मूळ लेख म्हणजे ४ मार्च १९५८ चा ठराव. तंत्रविद्या, कच्चा माल आणि भांडवल या तिहींच्या योगाने राष्ट्राची समृद्धी साधते, व त्यांत तंत्रविद्येचे स्थान बहुधा अग्रभागी असते, असे या ठरावाचे प्रतिपादन आहे. शुद्ध, उपयोजित व शैक्षणिक अशा सर्व अंगांनी संशोधनाचे संवर्धन करावे आणि त्याची फळे जनतेस मिळावीत, हा त्याचा हेतू. हेतूविषयी वाद संभवत नाही. तथापि हे कार्य विद्यापीठांनी करावयाचे की त्यांच्याबाहेरील संस्थांनी, या प्रश्नाचा निर्णय ठराव देत नाही. तो निर्णय व्यवहाराने दिला.

महाराष्ट्रात तो विशेष स्पष्टपणे दिसतो. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली स्थापन झाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० च्या जानेवारीत सुरू झाली. तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र १९५४ मध्ये उभे राहिले व १९६७ साली त्यास होमी भाभांचे नाव देण्यात आले. या संस्था राज्यात आहेत. त्यांचा मुख्य खर्च केंद्राचा आहे. उलटपक्षी मुंबई व पुणे ही विद्यापीठे राज्याच्या अनुदानावर चालतात. एकाच भूमीवर दोन वेगळ्या थैल्या आणि दोन वेगळी भाग्ये अशी ही स्थिती आहे. संशोधन विद्यापीठांपासून तोडू नये, असा मेघनाद साहांचा आग्रह होता. भाभांनी समर्थ व्यक्तीभोवती संस्था उभारण्याचा मार्ग पत्करला. इतिहासाने भाभांचा पक्ष घेतला, एवढ्यावरून साहांची शंका निराधार ठरत नाही.

आता आर्थिक लाभाचा विचार करू. संशोधनावरील पैसा तीन वाटांनी समाजात परततो : वेतन व यंत्रसामग्री यांच्या खरेदीतून, नव्या प्रक्रियांतून, आणि शिकून बाहेर पडलेल्या माणसांतून. पहिली वाट कोणत्याही सरकारी खर्चास मोकळी आहे. त्यासाठी विज्ञानच हवे असे नाही. दुसरी अनिश्चित आहे. तिसरी सर्वांत फलदायी, पण ती शिक्षणसंस्थेतूनच जाते. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये सुरू केलेला रासायनिक तंत्रशास्त्र विभाग हे याचे उत्तम उदाहरण होय. १९६७ साली रसायनांचा कारखाना काढणारे केकी घरडा येथेच शिकले. अंजी रेड्डी यांनीही पदवी याच विभागात घेतली व पुढे पुण्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत संशोधन केले. मात्र त्यांनी १९८४ मध्ये औषधांचा उद्योग उभारला तो हैदराबादेस. शिक्षण महाराष्ट्रात झाले, कारखान्याचा लाभ तेलुगू प्रदेशास मिळाला. राष्ट्राच्या दृष्टीने यात काहीच हानी नाही. पण राज्याच्या लाभाचे गणित मांडणाऱ्याने ही बाजूही मांडली पाहिजे.

विद्यापीठांचा लाभ कसा साधतो, याचे अनुकूल उदाहरणही येथेच आहे. जुन्नर तालुक्यातील खोडदची महादुर्बीण, म्हणजे प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. घन पत्र्याऐवजी तारेची जाळी ताणून बांधण्याची युक्ती योजल्यामुळे खर्च पुष्कळ आवाक्यात आला. एवढे साधन एखाद्या महाविद्यालयास, किंबहुना एखाद्या विद्यापीठासही, एकट्याने उभारता आले नसते. विद्यापीठ अनुदान मंडळाने १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात खगोलविज्ञानाचे आंतरविद्यापीठ केंद्र स्थापन केले. जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक. देशभरच्या विद्यापीठांतील अध्यापकांनी तेथे यावे, काम करावे व परत आपल्या विद्यार्थ्यांकडे जावे, अशी त्याची घडणच आहे. येथे लाभ आपोआप झाला नाही. त्यासाठी दार मुद्दाम ठेवावे लागले.

दुर्दैवाने इतरत्र दारे लहान होत गेली. पूर्वी कुलाब्याच्या संस्थेतील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाची, तर पुण्याच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थी पुणे विद्यापीठाची विद्यावाचस्पती पदवी घेत. कुलाब्याच्या संस्थेस २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अणुऊर्जा विभागाच्या संस्थांसाठी २००५ मध्ये आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांसाठी २०११ च्या कायद्याने स्वतंत्र पदवीदान व्यवस्था झाली. प्रशासनाच्या दृष्टीने हे सोयीचे असेल. परंतु विद्यापीठ व प्रयोगशाळा यांना जोडणारा एक नित्याचा धागा त्यामुळे क्षीण झाला.

याचा अर्थ काय होतो, हे विरारच्या पूर्वेकडील चंदनसारसारख्या वस्तीतून पाहिल्यास ध्यानात येते. येथील विज्ञानशाखेचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात शिकतो. त्याच्या दक्षिणेस तुर्भे व कुलाबा. उत्तरेस, त्याच्याच पालघर जिल्ह्यात, तारापूरचे अणुविद्युत केंद्र. तारापूरच्या १९६९ मधील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधून दिल्या. २००५ व २००६ मध्ये सुरू झालेल्या प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन स्वदेशी आहेत. मधल्या काळात देशाने जे ज्ञान कमावले, त्याचे श्रेय शासकीय विज्ञानखर्चास निःसंशय द्यावे लागेल. पण त्याच विस्तारासाठी पोफरण व अक्करपट्टी या गावांना उठावे लागले, हेही त्याच हिशेबातील आकडे होत. दोन ज्ञानपीठांच्या मध्ये राहणाऱ्या या विद्यार्थ्यास त्यांपैकी एकाचीही पायरी चढण्याचा नेमलेला मार्ग नसेल, तर ‘राज्यात’ हे पद खरे ठरूनही ‘राज्याला’ हे पद अपुरे राहते.

यावर असा आक्षेप संभवतो की थोडा पैसा सर्वत्र विखुरल्यास काहीच उभे राहत नाही. आक्षेप सबळ आहे. खोडद हेच त्याचे प्रमाण. परंतु प्रश्न पैसा विखुरण्याचा नसून प्रवेशाचा आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपयांचा संकल्प त्यात असून, त्यातील मोठा वाटा शासनाबाहेरून येणे अपेक्षित आहे. विद्यापीठांतील संशोधनास बळ देणे हा त्याचा एक घोषित उद्देश होय. त्याचे मूल्यमापन रकमेवरून करणे सोपे जाईल, पण ते योग्य होणार नाही. संलग्न महाविद्यालयातील किती अध्यापकांना व विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत काम करण्याचा हक्क मिळाला, आणि राज्याने आपल्या विद्यापीठांतील रिक्त अध्यापकपदे भरून त्या हक्काचा उपयोग करणारी माणसे सिद्ध ठेवली की नाही, या दोन कसोट्या लावल्याखेरीज लाभाचे विधान सिद्ध झाले असे मानता येणार नाही.