अनेक भाषांच्या गावाचे मराठी पत्र

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते. हे पत्र अमुक मालकांसाठी मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी अमुक पेठेतल्या छापखान्यात छापून तेथेच प्रसिद्ध केले, अशी. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याने ती छापणे भाग पाडले, आणि तो कायदा जाऊन २०२३ चा नवा आला तरी ओळ काही हटली नाही. बहुतेकांची नजर तिथवर पोचत नाही. मी मात्र सोलापूरच्या पत्रांची ही ओळ आधी वाचतो. कारण या ओळीत दीडशे वर्षांत जी आडनावे येऊन गेली, ती शेजारी शेजारी ठेवली की पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांच्या इतिहासात न सापडणारी एक गोष्ट दिसते. जक्कल, दोशी, कडादी. एक तेलुगू वळणाचे, एक गुजराती, एक कन्नड मुलखातले. आणि पत्रे मराठी.

सोलापूरच्या वृत्तपत्रांवर बोलताना आपण सहसा त्यांची यादी सांगतो आणि थांबतो. कोण पहिले, कोण जुने, कोणाचा खप किती. मला वाटते, इथला खरा प्रश्न वेगळा आहे. घरात तेलुगू, कन्नड, उर्दू, गुजराती, मारवाडी बोलणाऱ्या या गावाने सार्वजनिक गोष्टी बोलण्यासाठी मराठी पत्र हे ठिकाण निवडले. ते ठिकाण आज कोणत्या अवस्थेत आहे?

१८६० साली रेल्वे सोलापुरात आली आणि गाव बदलू लागले. कापसाची, धान्याची पेठ वाढली, परगावचा माणूस उतरू लागला, भाव रोज कळणे गरजेचे झाले. त्याच दशकात ‘कल्पतरू’ हे साप्ताहिक इथून निघू लागले. ‘कल्पतरू आणि आनंदवृत्त’ असे त्याचे पूर्ण नाव. गोविंद नारायण काकडे यांनी ते दीर्घकाळ चालवले. मुंबई सरकारचा एक विभाग देशी वृत्तपत्रांतला मजकूर दर आठवड्याला इंग्रजीत उतरवून अधिकाऱ्यांपुढे ठेवत असे. त्या गोपनीय सारांशांत सोलापूरचा ‘कल्पतरू’ पुन्हा पुन्हा भेटतो. पत्राचा मूळ अंक हाती लागणे कठीण, पण त्याला संशयाने वाचणाऱ्या अनुवादकाचे टिपण शाबूत, अशी जुन्या जिल्हापत्रांची स्थिती आहे. आपल्या गावाचा आवाज आपल्याला दुसऱ्याच्या भाषेत आणि दुसऱ्याच्या दप्तरात शोधावा लागतो, याचे मला अजून दुःख होते.

त्याच सारांशांत ‘सोलापूर समाचार’ही येतो, आणि संपादक म्हणून विठ्ठल नरसप्पा जक्कल हे नाव. नरसप्पा! या एका नावात सोलापूरच्या पूर्वभागातल्या गल्ल्या, हातमागांचा खटखटाट आणि तेलंगणातून पोट घेऊन आलेली माणसे उभी राहतात. तेलुगू मुळाचा गृहस्थ एकोणिसाव्या शतकात मराठी साप्ताहिक काढतो, ते टिकते, आणि पुढे बाबूराव जक्कलांच्या काळापर्यंत ‘समाचार’ हे नाव गावाच्या तोंडी राहते. मराठी पत्रकारितेचा इतिहास आपण बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ च्या ‘दर्पण’पासून सांगतो, ते योग्यच आहे. पण त्या इतिहासाचा एक फाटा असा दुसऱ्या मातृभाषेच्या माणसांनी ओढून नेला, हे सोलापूरबाहेर फारसे कोणी सांगत नाही. सोलापुरातही नाही.

याच गावात शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात ‘जैन बोधक’ सुरू केले. उद्योगपती वालचंद हिराचंद हे त्यांचे चिरंजीव. बाप-लेकांपैकी मुलाचे नाव देशभर झाले, पण वडिलांचे काम मला तितकेच मोलाचे वाटते. धर्मग्रंथ छापखान्यात जाऊ नयेत असे मानणारा मोठा वर्ग तेव्हा जैन समाजात होता. हिराचंदांनी छपाईची बाजू घेतली आणि नियतकालिक चालवून ती मांडली. ‘जैन बोधक’ समाजापुरते होते, गावाचे वर्तमानपत्र नव्हते. तरी छापलेल्या शब्दावर इथल्या व्यापारी पेठेचा विश्वास बसवण्यात त्याचा वाटा आहे.

जुनी मिल ही कापडगिरणी १८७७ ला सुरू झाली, मागून नरसिंगगिरजी, विष्णू आणि लक्ष्मी आल्या. भोंग्यावर उठणारे गाव तयार झाले. त्याबरोबर पत्राचा वाचकही बदलला. पेठेतला व्यापारी आणि वकील एकटे वाचत. चाळीतला कामगार ऐकत असे. एक वाचणारा आणि भोवती आठ-दहा. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी मराठी नाही. लिहिणाऱ्याला हे ठाऊक असले की वाक्य लहान होते. सोपे लिहिणे ही वृत्तपत्री कला आहे असे आपण म्हणतो. सोलापुरात ती गरज होती.

ती सर्वांना साधली असे मात्र नाही. जुन्या जिल्हापत्रांचे अग्रलेख पुण्याकडे, म्हणजे ‘केसरी’कडे, तोंड करून लिहिलेले असत. लांबलचक संस्कृत समास, इंग्लंडच्या पार्लमेंटवर टीका, आणि खाली कोपऱ्यात चार ओळींत गावच्या पटकीची बातमी. आज वाचताना ती चार ओळींची बातमीच सोन्याची वाटते. पार्लमेंटवरचे मत कुठेही मिळेल. कोणत्या पेठेत पाणी नव्हते, ज्वारीचा भाव काय होता, हे फक्त तिथेच मिळते.

मग १९३० आले. सोलापूरच्या वृत्तपत्रांबद्दल लिहिताना इथे थांबावेच लागते. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मेला गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले, पोलीस चौक्या आणि न्यायालय पेटले, आणि १२ मेपासून ३० जूनपर्यंत गावात लष्करी कायदा राहिला. गांधी टोपी दिसली तर उतरवली जाई. याच्या काहीच दिवस आधी, एप्रिलअखेर, सरकारने वटहुकूम काढून छापखान्यांकडून जामीनरकमा मागण्याचा अधिकार घेतला होता. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे लष्करी कायद्याखाली तुरुंगात गेले. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे यांच्या जोडीला कुर्बान हुसेन होते. विशीतला हा तरुण ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत असे. गझनफर म्हणजे सिंह. हिंदू-मुसलमानांनी एकत्र उभे राहावे, हा त्याचा ध्यास.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून आम्ही रोज जातो. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान, असे शाळेत शिकवतात, तेही बरोबर. पण त्यांतला एक पत्रकार होता, हे किती जणांना माहीत आहे? एका संपादकाला तुरुंग आणि एकाला फाशी, अशी किंमत वर्षभराच्या आत मोजलेले दुसरे जिल्ह्याचे गाव मला पटकन आठवत नाही. पत्रकारदिनाला ६ जानेवारीस आमच्याकडे जांभेकरांच्या प्रतिमेला हार घालतात. सहा दिवसांनी हुतात्मादिन येतो. या दोन कार्यक्रमांची गाठ कधी कोणी घालत नाही.

स्वातंत्र्यानंतरचे सोलापूर ‘संचार’चे. रंगाअण्णा वैद्य हे त्याचे संस्थापक-संपादक, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले. मला या पत्राचे मोल त्याच्या नावातच दिसते. ते गावभर हिंडणारे पत्र होते. नगरपालिकेची महापालिका झाली, सहकारी साखर कारखाने उभे राहिले, सीमाप्रश्नावरच्या १९६७ च्या महाजन अहवालाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा मोठा भाग म्हैसूर राज्याला द्यावा असे सुचवले आणि गावात घालमेल झाली. अशा वेळी कन्नड बोलणाऱ्या घरांत मराठी पत्र वाचले जात होते, आणि त्याच पत्राची सूत्रे पुढे कडादी घराण्याकडे गेली. सीमाप्रश्न भाषणांत पेटत असताना पत्राच्या पानावर दोन्ही भाषांची माणसे एकमेकांच्या श्राद्धा-लग्नाच्या बातम्या वाचत होती. ‘तरुण भारत’ दैनिकाची बाजू वेगळी, कम्युनिस्टांची वेगळी, काँग्रेसची वेगळी, मतभेद कडक होते. पण भांडण एका भाषेत चालत असल्यामुळे ते ऐकू येत होते.

लहानपणी मी एका छापखान्यात जाऊन उभा राहत असे. तिथले एक कंपोझिटर घरी तेलुगू बोलत. हातात स्टिक, समोर खिळ्यांची केस, आणि उलटी अक्षरे ते आपण सुलटी वाचावीत तशी वाचत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक संपादकाच्या हस्ताक्षरात असली तर विचारल्याशिवाय सुधारत. मला शुद्धलेखन शाळेने कमी आणि त्या माणसाने जास्त शिकवले. ऑफसेट आणि डीटीपी आले तेव्हा त्या केसा भंगारात गेल्या. यंत्र बदलले याची तक्रार नाही, छपाई सुबक झाली. पण मजकुरावरून जाणारी एक नजर कमी झाली आणि ती पुन्हा आली नाही.

आजची स्थिती खपाच्या आकड्यांवरून कळणार नाही. नव्वदीनंतर मोठ्या साखळी दैनिकांच्या सोलापूर आवृत्त्या आल्या, रंगीत पाने आली, आणि त्याच सुमारास गिरण्यांना कुलपे लागली. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा थांबला, वाचून दाखवणारा आणि ऐकणारे दोघेही पांगले. यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, विडीच्या पाटीपाशी माणसे विखुरली. साखळी दैनिकांनी काही गोष्टी चांगल्या आणल्या, हे मान्य करायला हवे. बातमीदाराला वेळेवर पगार, छायाचित्र, तालुक्याची पाने, गुन्ह्यांच्या बातमीत कागदपत्रे तपासण्याची शिस्त. स्थानिक मालकाच्या मर्जीतून सुटलेल्या काही बातम्या त्यांच्यामुळेच छापून आल्या.

गमावले ते ओळखीचे ज्ञान. परगावाहून बदलून आलेल्या उपसंपादकाला साखर पेठ आणि कन्ना चौक यांच्यातले अंतर पायी माहीत नसते. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा येते. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, दरवर्षी तीच छायाचित्रे आणि तोच मथळा. कोणत्या ध्वजाचा मान कोणत्या घराण्याकडे, तो का, यावर जुना बातमीदार दोन स्तंभ लिहू शकत असे, कारण त्याने मानकऱ्यांशी कन्नडमध्ये गप्पा मारलेल्या असत. आजचा हुशार तरुण बातमीदार ध्वनिफीत उतरवतो, पण प्रश्न मराठीत विचारतो आणि उत्तरही पाहुण्याला द्यावे तसेच मिळते.

आणि मग प्रेसनोट. नेत्याच्या कार्यालयातून आलेला मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तसाच छापणे, खाली ‘प्रतिनिधी’ लिहिणे, हा रोग छोट्या-मोठ्या सर्व पत्रांत आहे. वाढदिवसाच्या पानभर जाहिरातीशेजारी त्याच माणसाचा गौरवलेख येतो. छोटी साप्ताहिके शासनाच्या जाहिरात यादीवर टिकण्यासाठी निघतात. अंक छापला जातो तो दाखल करण्यासाठी. यांची थट्टा करणे सोपे आहे, मी करणार नाही. त्यांतल्या काही संपादकांना मी स्वतः अंकाच्या घड्या घालताना, सायकलवरून वाटताना पाहिले आहे. जाहीर नोटिसांशिवाय दुसरे उत्पन्न नसलेल्या माणसाकडून आपण निर्भीडपणा मागतो, पण वर्गणी देत नाही.

एक दोष मात्र जुन्या आणि नव्या दोघांचाही आहे. या गावात हजारो बायका विड्या वळतात. कुंभारीजवळ त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले, तेव्हा देशभरातून लोक पाहायला आले. त्या बायका आपल्या पत्रांत मोर्च्याच्या दिवशी दिसतात, एरवी नाही. त्यांचे बोलणे तर कधीच छापून येत नाही. सोलापुरी बोली, तिच्यातला तो ‘का बे’, तेलुगू हेल, मराठी क्रियापदावर बसलेली कन्नड लय, हे सारे पत्रांनी दीडशे वर्षे दाराबाहेर ठेवले. लक्ष्मीनारायण बोल्लींनी ‘एका साळियाने’ या आत्मकथनातून विणकराचे घर मराठी साहित्यात आणले. ते काम रोजच्या पत्राने कितीतरी आधी करायला हवे होते. जक्कलांच्या गावाला ते शोभले असते.

तरी पहाटे पत्र येतेच, आणि आमच्याकडे आधी उघडले जाते ते पाण्याचे वेळापत्रक. उजनीचे धरण भरलेले असो की नसो, सोलापुरात नळाला रोज पाणी नाही. कोणत्या भागात कोणत्या दिवशी, किती वाजता, हे चार ओळींत येते. या चार ओळी चुकल्या तर संपादकाला सकाळपासून फोन येतात, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागते. मला हे फोन फार महत्त्वाचे वाटतात. गाव अजून पत्राला जाब विचारते, ते याच एका जागी. उद्या हेच वेळापत्रक सगळ्यांच्या मोबाइलवर येईल, काही भागांत येऊही लागले आहे.

गेल्या वर्षी एका वाचनालयात मी जुन्या फायली पाहायला मागितल्या. सेवकाने जपून दोन बाडे आणून दिली. कागद तपकिरी झालेला, घडीवर चिरलेला. पान उलटले की कोपरा हातात येई. मी वाचणे सोडून मोबाइलने एकेक पान टिपू लागलो. दुपारपर्यंत सव्वीस पाने झाली. बाडे आणखी कपाटभर होती, आणि वाचनालय एकला बंद होत असे.